पोटाचा आजार, लघवीचा रिपोर्ट

नांदेड, परभणी, लातूर, उदगीर, देगलूर या पट्ट्यातल्या माणसाचं पोटाचं दुखणं गावच्या औषधाला दाद देईनासं झालं, की घरात कुणीतरी म्हणतंच, "एकदा हैदराबादला दाखवून या." मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. राज्य पुनर्रचनेनं कारभार मुंबईकडे नेला, पण मोठ्या आजाराची वाट काचीगुडा आणि सिकंदराबादच्या फलाटांवरूनच जात राहिली. पोटविकारांसाठी तर त्याला खास कारण आहे. डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांनी उभी केलेली एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'एआयजी', आधी सोमाजीगुड्यात आणि मग गच्चीबावलीच्या अवाढव्य इमारतीतही, देशभरच्या पोटदुखीचा पत्ता होऊन बसली आहे.

तिथं येणाऱ्या गर्दीतल्या एका गटाबद्दल इथं बोलायचं आहे. इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, थोडक्यात आयबीडी, असलेले रुग्ण. आतड्याला दीर्घकाळ सूज राहते, कधी शमते, कधी उसळते. यात मुख्य आजार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात आणि रक्त-आव पडते. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो, पण त्याचं आवडतं ठिकाण म्हणजे लहान आतड्याचं शेवटचं टोक, आणि तो आतड्याच्या भिंतीच्या आरपार जातो. बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातून त्याचं वर्णन १९३२ मध्ये छापलं. आपल्याकडे तो बराच काळ 'गोऱ्यांचा आजार' समजला गेला. एआयजीच्या डॉ. रूपा बॅनर्जी आणि सहकाऱ्यांची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. पोटाच्या खालच्या भागाच्या तक्रारी असलेल्या ३०,००० हून जास्त लोकांना त्यांनी तपासलं, आणि आयबीडीच्या बाबतीत खेडं शहराच्या मागं नाही असं त्यात दिसलं. म्हणजे 'शहरी खाण्यानं होतो' हे समाधानही गेलं.

आयबीडीचा रुग्ण आपल्या शौचाचा हिशेब तोंडपाठ ठेवतो. दिवसातून किती वेळा, रात्री उठावं लागतं का, रक्त किती, आव किती. डॉक्टरही तेच विचारतात. लघवीबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही, आणि रुग्णही आपणहून सांगत नाही, कारण तिथं काही दुखत नसतं. मूत्रपिंडाचं हेच वाईट आहे. बरंचसं काम बंद पडेपर्यंत ते तक्रार करत नाही. सांधे, डोळे, त्वचा, यकृत यांवर आयबीडीचा परिणाम होतो हे आता बऱ्याच रुग्णांना ठाऊक असतं. किडनीचं नाव त्या यादीत उशिरा येतं, आणि कधी कधी मुतखड्याच्या कळेसोबतच येतं.

मुतखडा हा आतडं आणि किडनी या दोन अवयवांमधला सगळ्यात सरळ दुवा आहे, आणि तो कसा जुळतो ते नीट बघण्यासारखं आहे. हैदराबादी बिर्याणीची प्लेट घ्या. सोबत मिरची का सालन: भाजलेले शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं वाटून केलेलं. बाजूला वाटीत दही की चटनी. शेंगदाणे आणि तिळात ऑक्झलेट नावाचं आम्लद्रव्य असतं, पालक आणि माठात तर भरपूर. निरोगी माणसाच्या आतड्यात हे ऑक्झलेट दह्यातल्या कॅल्शियमला भेटतं, दोघांचा न विरघळणारा क्षार होतो आणि शौचावाटे निघून जातो. खाल्लेल्या ऑक्झलेटपैकी साधारण दहावा हिस्साच रक्तात उतरतो आणि लघवीतून बाहेर पडतो. सालन खाऊन कुणाला मुतखडा होत नाही, नाहीतर हैदराबाद ओस पडलं असतं.

क्रोन्सच्या रुग्णात हे गणित बिघडतं ते तुपामुळे. चरबी पचायला पित्ताम्लं लागतात. ती आतड्यात येऊन काम करतात आणि त्यातली सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला परत शोषली जातात, यकृताकडे जातात, पुन्हा वापरली जातात. क्रोन्स नेमका याच टोकावर बसतो. ते सुजलं, किंवा शस्त्रक्रियेत त्याचा मोठा तुकडा काढून टाकावा लागला, की पित्ताम्लं वाया जातात. साधारण मीटरभराहून जास्त भाग गेला, तर यकृताला नवी पित्ताम्लं पुरेशी करता येत नाहीत आणि चरबी न पचता पुढं सरकते. ही न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून बसते. ऑक्झलेटला जोडीदार उरत नाही, ते विरघळलेलंच राहतं आणि मोठ्या आतड्यात पोचतं. तिथं वाया गेलेल्या पित्ताम्लांनी अस्तर आधीच सैल केलेलं असतं. ऑक्झलेट सहज आत शिरतं, रक्तात, तिथून लघवीत. दिवसाला ४०-४५ मिलिग्रॅमच्या आत राहणारं लघवीतलं ऑक्झलेट दुपटीवर जाऊ शकतं.

इथं मोठ्या आतड्याची भूमिका कळीची आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या जॉन डॉबिन्स आणि हेन्री बाइंडर यांनी १९७७ मध्ये ती दाखवून दिली: लहान आतडं कापलेलं असलं तरी मोठं आतडं शाबूत असेल, तरच ऑक्झलेट वाढतं. (हेच बाइंडर पुढं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांबरोबर पटकीवरच्या जलसंजीवनीत स्टार्च घालण्याच्या कामात होते. आतड्यातून काय आत जातं आणि काय बाहेर पडतं, हा एकच प्रश्न माणसाला आयुष्यभर पुरतो.) आतड्यात ऑक्झलेटवर जगणारा एक जंतूही असतो, ऑक्झॅलोबॅक्टर. आयबीडीच्या रुग्णाला वारंवार मिळणाऱ्या अँटिबायोटिक्सनी त्याचंही बस्तान उठतं. त्यात जुलाबांमुळे शरीरात पाणी कमी, लघवी थोडी आणि गडद, आणि खडे होऊ न देणारं सायट्रेटही कमी. एवढं जमून आल्यावर खडा न झाला तरच नवल. कधी खडा न होता ऑक्झलेटचे स्फटिक थेट किडनीच्या ऊतीत साचत जातात. त्यात कळ येत नाही, नुसती किडनी जाते.

हैदराबादचं खड्यांच्या अभ्यासाशी एक जुनं नातं आहे. तार्नाक्यातली राष्ट्रीय पोषण संस्था मुळात तामिळनाडूतल्या कुन्नूरची. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी ती १९१८ मध्ये तिथं सुरू केली. भारतीयांच्या मूत्राशयात एवढे खडे का होतात, हा प्रश्न त्यांनी उंदरांना निरनिराळ्या प्रांतांची जेवणं खायला घालून तपासला. जीवनसत्त्व 'अ' आणि दूधदुभतं नसलेल्या, नुसत्या धान्यावरच्या आहारानं उंदरांना खडे झाले. ते खडे वेगळे आणि त्या काळच्या गरिबीचे, पण खडा ताटात सुरू होतो हा धडा तिथला. १९५८ मध्ये संचालक डॉ. व्ही. एन. पटवर्धन यांच्या काळात संस्था हैदराबादला आली. या संस्थेनं २०१७ मध्ये छापलेल्या भारतीय अन्नपदार्थांच्या घटक-तक्त्यांत आपल्या पालेभाज्यांतलं ऑक्झलेट विरघळणारं किती, न विरघळणारं किती, असं वेगवेगळं दिलेलं आहे. आहारतज्ज्ञाला गोऱ्यांच्या केल आणि रूबार्बच्या याद्या वाचत बसायचं कारण नाही.

मग क्रोन्सच्या अशा रुग्णानं खायचं काय? पहिली चूक घरोघर होते ती दूध-दही बंद करण्याची. 'खडा कॅल्शियमचा, म्हणून कॅल्शियम नको.' वास्तविक जेवणाबरोबरचं कॅल्शियमच ऑक्झलेटला आतड्यात अडवतं. दूध सोसत नसेल तर ताक, दही, नाहीतर डॉक्टर लिहून देतात ती कॅल्शियमची गोळी, मात्र ती जेवताना. रात्री झोपताना रिकाम्या पोटी घेतली तर या कामाला तिचा उपयोग नाही. तेल-तूप बेतानं. पालक-माठ रोज नको, आणि खायचा तर शिजवून, वरचं पाणी टाकून. 'ताकद येते' म्हणून व्हिटॅमिन सी च्या मोठ्या गोळ्या नकोत, त्यांचंही शरीरात काही अंशी ऑक्झलेटच होतं. लिंबूपाणी चांगलं, त्यात सायट्रेट असतं. आजारात बेजार झालेल्या रुग्णाला मात्र याच्या पलीकडे पथ्यांची लांबलचक यादी देणं मला क्रूरपणाचं वाटतं. आयबीडीचा माणूस आधीच अर्धं ताट सोडून बसलेला असतो, आणि उपासमारीनं किडनी सुधारत नाही.

मोठं आतडंच काढून टाकलेला आणि पोटावर पिशवी लावलेला रुग्ण या ऑक्झलेटच्या भानगडीतून सुटतो, पण दुसरीत सापडतो. पिशवीतून रोज पाणी, मीठ आणि शरीरातलं बायकार्बोनेट वाहून जातं. लघवी कमी आणि आम्लधर्मी होते, आणि तशा लघवीत युरिक आम्लाचे खडे होतात. पिशवीत दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर येणं नेहमीचं. दीड-दोन लिटरवर गेलं, की किडनीला धोका. एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या उन्हात, रेल्वेच्या साध्या डब्यात, शौचालयाच्या धास्तीनं पाणी न पिता बसलेला असा रुग्ण हैदराबादला पोचतो तेव्हा त्याचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मोजायचा रक्तातला आकडा, वाढलेलं सापडतं, आणि सलाइनवर दोन दिवसांत उतरतं. एकदा उतरतं, दोनदा उतरतं, दरवेळी पूर्ण उतरेलच असं नाही. नुसतं साधं पाणी ढोसणं इथं कामाचं नाही. मिठाविना पाणी पिशवीतून आणखी मीठ ओढून बाहेर काढतं. योग्य प्रमाणात कालवलेलं ओआरएस घोट घोट प्यावं. पाकीट एक लिटरचं असेल तर एकाच लिटरमध्ये, पेलाभर पाण्यात अर्धं पाकीट नव्हे.

आता औषधाकडे. मेसालामाइन, म्हणजे डॉक्टर बोलताना ज्याला 'फाइव्ह-एएसए' म्हणतात ते, अल्सरेटिव्ह कोलायटिसचं रोजचं औषध. त्याचं मूळ स्वीडनमध्ये आहे. संधिवातावर औषध शोधणाऱ्या नान्ना स्वार्ट्झ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सल्फा आणि सॅलिसिलेट जोडून सल्फासॅलाझिन करवून घेतलं, आणि ते आतड्यालाही लागू पडलं. त्यातला नेमका कुठला भाग काम करतो हे १९७७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये सिद्ध झालं. ते दाखवणाऱ्यांत पहिलं नाव होतं ढाक्याच्या ए. के. आझाद खान यांचं. सल्फा काढून टाकलं, उरलेलं मेसालामाइन सुटसुटीत ठरलं आणि लाखो लोकांना सोसलं. अगदी थोड्यांच्या किडनीला ते सोसत नाही. मूत्रपिंडाच्या नलिकांच्या भोवतीच्या ऊतीला सूज येते. प्रमाण फार कमी, वर्षाला पाचशेत एखादा असं काही. पण ही प्रतिक्रिया डोसवर अवलंबून नसते, म्हणजे 'मी तर एकच गोळी घेतो' हा बचाव नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या गटानं २०१६ मध्ये अशा १५१ रुग्णांचा आढावा छापला. गोळी सुरू झाल्यापासून इजा दिसेपर्यंतचा मध्यक काळ तीन वर्षांचा होता. गोळी थांबवल्यावर पूर्ण बरे झाले सुमारे ३० टक्के, आणि १५ जणांना कायमचं डायलिसिस किंवा किडनी बदलणं भाग पडलं. लवकर पकडलं तर सुटका, उशीर झाला तर नाही. म्हणून गोळी सुरू करण्याआधी, मग दोन-तीन महिन्यांनी आणि पुढं निदान वर्षातून एकदा क्रिएटिनिन बघायचं, असा शिरस्ता आहे. हे वाचून कुणी आपल्या मनानं गोळी सोडू नये. आतडं उसळलं तर त्या जुलाबांनी आणि सुजेनं किडनीचं होणारं नुकसान या दुर्मीळ दुष्परिणामापेक्षा जास्त संभवतं.

क्रिएटिनिन बघायचं म्हणजे काय, इथं मोठी गोम आहे. समजा ३५ वर्षांच्या पुरुषाचा गेल्या वर्षीचा आकडा ०.७ आणि यंदाचा १.१. लॅबच्या कागदावर ०.७ ते १.३ ही मर्यादा छापलेली असते. दोन्ही वेळा आकड्यापुढं लाल खूण नाही, दोन्ही रिपोर्ट 'नॉर्मल'. पण किडनीच्या गाळणशक्तीचं नेहमीचं सूत्र लावलं तर ती मिनिटाला १२० च्या वरून ९० मिलिलिटरवर आली आहे, म्हणजे पाव हिस्सा गेला. त्यातही क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. आयबीडीत माणूस वाळतो, मांड्या-दंड उतरतात, क्रिएटिनिन आपोआप कमी दिसतं आणि किडनीची घसरण झाकली जाते. म्हणून एका कागदाला अर्थ नाही. जुना कागद, नवा कागद आणि त्या त्या वेळचं वजन शेजारी ठेवूनच काही सांगता येतं. आणि त्याच्या जोडीला साधी लघवीची तपासणी, जी तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये होते: प्रथिनं जातात का, रक्तपेशी दिसतात का. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळली जाणारी तपासणी तीच.

लघवीत प्रथिनं सापडली तर शोध वेगळ्या दिशेनं जातो. लघवीला टिकून राहणारा फेस, सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायांवर बोटाचा खळगा. अमेरिकेतल्या एका मोठ्या केंद्रानं २०१४ मध्ये आयबीडी असलेल्या ८३ जणांच्या किडनीच्या बायोप्सी तपासल्या. सगळ्यात जास्त, साधारण चौघांत एकाला, आयजीए नेफ्रोपथी निघाली. आतड्याच्या अस्तराचं रक्षण करणारी आयजीए प्रतिद्रव्यं बिघडून किडनीच्या गाळण्यांत अडकतात, असा हा आजार. एकेकाळी सगळ्यात भीती असायची ती अॅमिलॉइडची. सूज वर्षानुवर्षं राहिली की यकृत एक प्रथिन सतत सोडत राहतं, त्याचे तंतू किडनीत साचतात. काँगो रेड नावाच्या रंगात बुडवून ध्रुवित प्रकाशात पाहिलं तर ते हिरवे चमकतात. कोलायटिसपेक्षा क्रोन्समध्ये हे जास्त. यावरचा खरा उपाय किडनीवर नसतोच, आतड्याची सूज कायमची दाबून ठेवणं हाच.

आणि इथं आपल्याकडचा घोळ येतो, जो पाश्चात्त्य पुस्तकांत दोन ओळींत संपतो: क्षयरोग. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दोघंही लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बसतात, दोघांत ताप, वजन घटणं, आतडं अरुंद होणं, आणि बायोप्सीतही फरक दरवेळी सापडत नाही. त्यामुळे कित्येक क्रोन्सच्या रुग्णांनी आधी काही महिने क्षयाची औषधं घेतलेली असतात. आता किडनी बघा. भारतात अशा अॅमिलॉइडचं जुनं आणि मोठं कारण क्षयच. क्षय स्वतः किडनीतही जातो. आणि क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन मध्येच सोडून पुन्हा सुरू केलं, तर कधी कधी एकाएकी किडनी बंद पाडतं. तेव्हा जुन्या क्षयाच्या औषधांची चिठ्ठी 'ते तर होऊन गेलं' म्हणून घरी ठेवू नये. कोणती गोळी कधी सुरू केली, कधी सोडली, पुन्हा कधी धरली, हे किडनीच्या डॉक्टरांना आजच्या रिपोर्टइतकंच लागतं.

उजव्या बाजूची एक गोष्ट थोडक्यात. क्रोन्सचं टोक उजव्या ओटीपोटात, आणि त्याच्या मागूनच उजवी मूत्रवाहिनी खाली उतरते. सुजलेल्या आतड्याचा गोळा तिला दाबतो, लघवी वर तुंबते, किडनी फुगते. सोनोग्राफीत 'उजव्या किडनीला सूज' असं लिहून येतं आणि खडा शोधत बसतात, खडा नसतोच. कधी आतडं मूत्राशयाला चिकटून मध्ये भोक पडतं. मग लघवीबरोबर बुडबुडे येतात, क्वचित घाण येते, लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. हे सांगायला माणसाला लाज वाटते, बायकांना फारच. पण 'लघवी करताना हवा निघते' या एका वाक्यावर निदान होतं.

शेवटी वेदनाशामक. आयबीडीत गुडघे, घोटे, कंबर दुखते, आणि मेडिकलमध्ये विचारलं की डायक्लोफिनॅक नाहीतर तसलीच एखादी गोळी हातात पडते. ती किडनीचा रक्तपुरवठा आखडते, जुलाबांनी कोरड्या पडलेल्या शरीरात तर अधिकच, आणि काहींचं शमलेलं आतडंही पुन्हा उसळवते. दुखण्याला पॅरासिटामॉल तुलनेनं निर्धोक. सांधेदुखी टिकत असेल तर ती आजाराचाच भाग समजून पोटाच्या डॉक्टरांना सांगावी, कारण आतड्याचं औषध बदलल्यावर ती बरेचदा जाते. अडचण अशी, की हैदराबादच्या ओपीडीत 'आणखी काय घेता?' असं विचारल्यावर रुग्ण खरेपणानं 'काही नाही' म्हणतो. दुखल्यावर घेतलेली गोळी त्याच्या लेखी औषधात जमाच नसते. सोबतच्या बाईनं पर्स उघडून अर्धी संपलेली पट्टी टेबलावर ठेवली, की डॉक्टर नवीन चिठ्ठी लिहायचं थांबून आधी क्रिएटिनिन मागवतात.